तंबूला दुहेरी टीप

२ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मुळात माझ्या नातीची. शाळेतून तिला चुकून दोन मिळाल्या. एक तिने ठेवली आणि दुसरी माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते यात लिही. घराला जरा विश्रांती." मी म्हटलं, अगं, मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. माझं लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकांची मापं. छाती, कंबर, बाहीची लांबी. त्यापलीकडे पेन्सिल कधी गेलीच नाही. तर म्हणाली, "मग रोजच्या दिवसाचं माप लिही." पोरगी बोलते छान. माझ्यावर गेलीये.

कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, घरात ती मुंगी. स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून चालायची लहानपणापासूनची खोड. बापाचा हत्यारांचा डबा ओढत एकदा रस्त्यापर्यंत गेली होती. बाप म्हणजे माझा मुलगा. लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली करतो आणि घरी आला की आडवा होतो. सूनबाई दवाखान्यात रक्त तपासते. तिच्याबद्दल नंतर लिहीन, वही पुरायला हवी.

तर शाळेने नववीच्या मुलांसाठी एक उपक्रम काढलाय. व्यक्तिमत्त्व विकास. मला वाटलं, ताठ उभं राहायला शिकवतील, पोक काढतील. तसं नाही. एक नवीन विद्या शिकायची, कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, रोज घाम गाळायचा, आणि शेवटी मोहीम. मोहीम म्हणजे चौघांनी पाठीवर बिऱ्हाड घ्यायचं, नकाशा बघत रानातून चालायचं, आपलं आपण शिजवायचं आणि रात्री तंबूत झोपायचं. शाळेच्या बाई लांबून बघणार, सांगणार काही नाहीत. आधी सरावाची मोहीम, मग खरी. सगळं पुरं केलं की बिल्ला.

कागदावर खाली ठळक अक्षरात होतं: घरच्यांनी मदत करायची नाही.

ज्याने हे लिहिलं त्याला घर नसावं.

मला धास्ती वेगळीच आहे. मुंगी रात्री कुठे राहत नाही. मागे मावशीकडे राहायला गेली तेव्हा मी काही फार त्रास दिला नाही. चारच वेळा फोन केला. एकदा जेवली का, एकदा पांघरूण आहे का, एकदा झोप लागली का, आणि एकदा आधीच्या फोनने झोपमोड तर नाही ना झाली, हे विचारायला. त्या शेवटच्या फोनला पोरगी रडायलाच लागली. बाबाला पाठव म्हणाली. मुलगा उठून गेला बिचारा. आता आजीचा इतका लळा, त्याला कोण काय करणार?

पण या वेळी मुंगी म्हणते, "आजी, मला तो बिल्ला हवाय. मला एक रात्र बाहेर राहून दाखवायचंय." कोणाला दाखवायचंय, ते नाही बोलली.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवीन विद्या म्हणून मी सुचवलं होतं शिवण. घरात मशीन आहे, शिकवायला मी आहे, फुकटात काम. मी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले. अख्ख्या गावाच्या पोरांनी गुडघे फोडले असतील, माझी शिवण नाही फुटली. पण मुंगीला सुई दाखवली की ती पळते. बटणसुद्धा लावता येत नाही. तिने विद्या म्हणून माऊथ ऑर्गन घेतला. एकच गाणं येतं आणि तेही अर्धं. मशीनच्या खडखडाटात बरं वाटतं.

उपयोगी पडायला ती शाळेच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालते. आणि घाम गाळायला पाठीवर भरलेली सॅक घेऊन समोरच्या इमारतीचे जिने चढते-उतरते.

आज तिची टोळी घरी आली होती. एक लंबू, तो म्होरक्या. दारातून आत येताना दोनदा वाकतो, एकदा दाराला आणि एकदा मला. एक चष्मा. त्याच्याकडे नकाशा असतो, पण बाथरूम कुठे आहे ते तीनदा विचारलं. आणि एक गाणारी. ती बोलतसुद्धा चालीवर. मुंगी सॅक भरून दाखवत होती. तिची पाठ वळली की मी एकेक गोष्ट सरकवत होते. खजूर. लोकरीचे मोजे. टॉर्च. अजून एक टॉर्च, पहिला विझला तर. उकडलेली अंडी ठेवायला गेले तर लंबू म्हणाला, "आजी, हे बघितलं हं मी."

"काय बघितलंस?"

"अंडी."

"चष्मा त्याच्या नाकावर आणि दिसतं तुला," मी म्हटलं आणि अंडी चौघांना खायला घातली. पोटातून नेलं तर कुठला नियम मोडतो?

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज माझ्या हातून एक फार चांगलं काम झालं. कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शनिवारी सरावाची मोहीम. शाळेच्या मैदानात काल तंबू लावून बघितला, तो दवाने ओला झाला. वाळवायची पाळी मुंगीची. शिट्टीबाईंनीच तिच्याकडे दिला. शिट्टीबाई म्हणजे हा उपक्रम चालवणाऱ्या बाई. गळ्यात कायम शिट्टी. मोहीम होईपर्यंत तंबूची जबाबदारी मुंगीची. तिने तो मागच्या अंगणात दोरीवर टाकला आणि गेली जिने चढायला.

मी नुसती बघायला गेले होते. पण नुसतं बघणं मला जमतं का? बाहेरचं कापड हातात घेतलं, शिवण उलटी केली आणि मला दरदरून घाम फुटला. एकेरी टीप! तीसुद्धा विरळ. आणि आतल्या बाजूने शिवणीवर कसली तरी गुळगुळीत पट्टी चिकटवलेली. वाईट काम झाकायची ही जुनी युक्ती, मी ओळखते. वर टोकाला तर दोन्हीकडे कापड उघडंच सोडलेलं, मूठभर. शिवणारा जेवायला उठला असणार आणि परत बसलाच नाही.

यात माझी नात झोपणार?

पट्टी सोलून काढली. निघत नव्हती, नखं गेली माझी. मग मशीनवर जाड सुई चढवली, निळं रीळ घेतलं आणि प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप मारली. कापड निसरडं, मशीनवरून घसरत होतं, पण मीही काय सोडतेय! वरची दोन्ही भोकं झाकून टाकली. शेवटाला माझे नेहमीचे तीन उलटे टाके. आता हत्ती ओढू दे.

घडी पहिल्यासारखी करून पिशवीत ठेवली. मुंगीला कळलंसुद्धा नाही. तिला म्हटलं, "तंबू बघ हं, आता कसा झालाय." ती म्हणाली, "वाळला?" मी म्हटलं, "कडक."

मदत केलेली कळली नाही तर ती मदत नव्हे, असं माझं मत आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

गेली. दारातून मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून असेल.

ढग आलेत.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी शाळेची गाडी चौघांनाही घरोघरी सोडून गेली. मुंगी नखशिखांत ओली. रात्री पाऊस झाला आणि तंबूत पाणी शिरलं. लंबू आणि चष्मा यांचा दुसरा तंबू होता, तो कोरडा. मुली मात्र भिजल्या. शेवटी शिट्टीबाईंनी सगळ्यांना गाडीत झोपवलं. म्हणजे मोहीम तिथेच संपली.

मी गरम पाणी काढलं, डोकं पुसलं. म्हटलं, "घाबरलीस का गं? झोप नाही ना आली?"

"आली होती गं," ती म्हणाली. "मस्त आली होती. कानात पाणी गेलं तेव्हा जाग आली."

बिचारी. मला बरं वाटावं म्हणून सांगते.

तंबू मात्र तिने मला दाखवला नाही. पलंगाखाली ढकलला. मी म्हटलं, "आण इकडे, वाळत टाकते." तर एवढ्या जोरात "नको!" म्हणाली की सूनबाईसुद्धा आतून आली. माझं मत विचाराल तर, आजकाल कापडच वाईट येतं. शिवण कितीही चांगली असली तरी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मुंगी बोलत नाही. माऊथ ऑर्गनही बंद. अर्धं गाणं नको नको म्हणायचे, आता तेवढ्याकडेही कान लागलेत.

संध्याकाळी लंबू आला. दोघं दाराबाहेर पायरीवर बसली होती. मी खिडकीपाशी काज करत होते, ऐकायला म्हणून नाही. लंबू म्हणत होता, "बाईंनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मीच शिवलं. का शिवलंस पण? चांगला होता तंबू."

"चुकलं माझं."

"आणि भोकं पण बंद केलीस. आतून घाम धरला त्याला. शुक्रवारपर्यंत बाई ठरवणार आहेत आपल्याला खऱ्या मोहिमेला पाठवायचं की नाही. चष्मा म्हणतोय, तुझ्याऐवजी दुसरं कोणीतरी घेऊया."

"घ्या."

"तू असं 'घ्या' म्हणू नकोस ना," लंबू म्हणाला. "भांड तरी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जिला बटण लावता येत नाही तिच्यावर शिवणीचा आळ! आणि ही पोरगी गरिबासारखी ऐकून घेते. तंबू बनवणाऱ्यांनी फसवलं आणि शिक्षा माझ्या नातीला. उद्या बघतेच.

२४ सप्टेंबर, बुधवार

लिहू की नको असं झालं. पण सुरुवात केलीय तर शेवटपर्यंत टाका घालायलाच हवा.

मुंगी शाळेत गेल्यावर पलंगाखालून तंबू काढला आणि बाजारात गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात गेले. शाळेने त्याच्याकडूनच घेतलेला. बारीक चणीचा माणूस, कमरेला दोऱ्या लटकवून फिरतो, दुकानातसुद्धा. मी पिशवी त्याच्यासमोर आपटली. म्हटलं, "लहान मुलांच्या जिवाशी खेळता?"

त्याने कापड पसरलं. बोट फिरवत गेला. मग एक टोक धरून खिडकीकडे उजेडात उचललं. आणि माझ्या डोळ्यांनी मी बघितलं. प्रत्येक शिवणीवर चांदण्या. सुईचं एकेक भोक, एकापुढे एक, दुहेरी ओळीत, सरळ, एकसारखी. लुकलुकत होती.

"ही पट्टी कुणी काढली?" त्याने विचारलं.

"का? कशाला असते ती?"

"पाणी अडवायला, मावशी. शिवणीच्या भोकांवर ती पट्टी चिकटवतात. इथे पट्टी काढली आणि भोकं दुप्पट केली. आणि ही वरची दोन, हवा खेळायला ठेवलेली, तीही शिवली. पाणी आत, श्वास आत, माणूस मधे." तो मान हलवत राहिला. "ज्याने कुणी हे केलं ना, त्याच्या हातातली सुई काढून घ्या."

मी म्हटलं, "शेजारची बाई आहे एक."

"सांगा तिला."

"सांगते."

पुढे तो म्हणाला, "पण एक आहे. बाई शिवते सुंदर." हे त्याने आपणहून म्हटलं, मी विचारलं नव्हतं. लिहून ठेवते.

यावर इलाज काय, हे मात्र विचारून घेतलं. शिवणीला लावायचा एक डिंक येतो. तो भोकाभोकावर भरायचा, वाळवायचा. वेळखाऊ काम. म्हणाला, जमेल, पण एकही भोक सुटता कामा नये.

घरी येताना पिशवी फार जड लागली. तीच पिशवी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मुंगीला सकाळी दूध देताना म्हटलं, "ते निळे टाके माझे आहेत."

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"रात्री टॉर्च लावून बघितलं तेव्हापासून. शेवटाला तीन उलटे टाके होते. माझ्या सगळ्या फ्रॉकांवर आहेत."

"मग बोलली का नाहीस, बाई? सगळ्यांचं ऐकून घेतलंस!"

ती दुधावरची साय बाजूला करत राहिली. "तू केवढी खूश होतीस त्या दिवशी. तंबू बघ, तंबू बघ, म्हणत होतीस. आणि घरच्यांनी मदत करायची नाही, असा नियम आहे. सांगितलं असतं तर सगळेच बाद झाले असते."

"आणि तू?"

"मी एकटी बाद झाले तर चालेल."

सूनबाई दारात उभी होती. ती एरवी माझ्याशी वाद घालायची संधी सोडत नाही, पण आज तिने माझ्या हातातला गार चहाचा कप काढून घेतला आणि दुसरा गरम आणून ठेवला.

चप्पल घातली आणि तडक शाळेत. शिट्टीबाई मैदानात दोऱ्यांची भेंडोळी मोजत होत्या. मी सगळं सांगितलं. पट्टी, भोकं, निळं रीळ, खजूर, मोजे, दोन टॉर्च. अंडीसुद्धा. मनात काही ठेवलं नाही.

बाई म्हणाल्या, "आजी, मला माहीत होतं."

आता यांनाही माहीत!

"नववीतल्या मुलीच्या हातून इतकी सरळ टीप येत नाही. आणि तिच्या गणवेशाचं बटण गेले दोन महिने टाचणीने लावलेलं आहे. मी वाट बघत होते ती काय सांगते त्याची."

मी म्हटलं, "शिक्षा करायची तर मला करा. पण तिला पाठवा."

"शिक्षा वगैरे काही नाही. तंबू त्यांचा, दुरुस्ती त्यांनी करायची. पुढच्या शुक्रवारी इथे मैदानात तपासणी. आम्ही पाणी ओतणार. आत कोरडं राहिलं तर चौघंही जातील. एक थेंब आला तरी चौघंही घरी. आणि आजी, तुम्ही सुईला हात लावायचा नाही."

"डिंकाला?"

"डिंकालाही नाही."

बाई अगदी नको तितकी हुशार आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

आज आमच्या अंगणात जत्राच होती. चौघंही आले. चष्मा मुंगीला म्हणाला, "सॉरी. मला माहीत नव्हतं." मुंगी म्हणाली, "तुला कधी काय माहीत असतं?" झालं, समेट झाला. आमच्या वेळी दोन पिढ्या अबोला चालायचा.

आधी वरची दोन भोकं उसवायची होती. मुंगी टाके उसवत होती, म्हणजे कात्रीने नुसतं टोचत होती. माझे टाके काही सहजासहजी निघणारे नव्हेत. मी पायरीवर हातांवर बसले होते, अक्षरशः हातांवर, म्हणजे ते आपणहून उठणार नाहीत. सूनबाईला दया आली. तिने माझ्यापुढे सोलायला वाटाणे आणून ठेवले.

मग डिंक. मग वाळेपर्यंत थांबणं. गाणारी डिंकाला उद्देशून गात होती. मग तंबू उभा केला आणि लंबू म्हणाला, "पाणी ओतलं तर गळतंय कुठे, हे आतून कोणीतरी बघायला पाहिजे. आपण चौघं तर बादल्या धरणार."

मी म्हटलं, "मी बसते."

सगळे मुंगीकडे बघायला लागले. मुंगीने विचार केला. "आजी, बसशील. पण हात लावायचा नाही. फक्त सांगायचं."

"फक्त सांगायचं? ते तर मी जन्मभर करतेय."

गुडघे म्हणत होते जाऊ नको, पण मी गेले. हातात माझा मापाचा खडू. आयुष्यात पहिल्यांदा तंबूत बसले. हिरवा उजेड, कापडाचा वास, आणि बाहेर सगळ्यांचे पाय. राणीसारखं वाटलं. इतकी वर्षं लोकांना कपड्यात बसवलं, आज मी स्वतः कपड्याच्या आत!

"आजी, कुठे गळतंय?"

"अजून ओतलंच नाहीत, तर गळेल कुठून?"

पहिली बादली आली. मी ओरडले, "डाव्या खांद्यावर!"

"तुझ्या की तंबूच्या?"

"तंबूच्या! आणि बाहीच्या जोडाला. काखेत एक. कॉलरखाली दोन."

बाहेरून चष्म्याचा आवाज आला, "तंबूची काख कुठे असते?" मुंगी म्हणाली, "थांब, मला कळलं. ती त्याला शर्ट समजतेय." आणि तिला खरंच कळलं! दरवाजा म्हणजे बटणपट्टी, वरचं टोक म्हणजे कॉलर. मी आतून सांगायचं, खडूने गोल करायचा, मुंगीने बाहेरून बरोब्बर तिथे डिंक भरायचा. लंबू म्हणाला, "पाठीत बघा हो आजी, पाठीत." सगळी पोरं शिंप्यासारखी बोलायला लागली.

खडूने गोल करणं ही मदत होते का? बाईंना मुद्दाम विचारायला गेले नाही.

चिंब भिजून बाहेर आले. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला न्यूमोनिया झाला तर रक्त मलाच तपासावं लागेल." टॉवेल मात्र तिने आधीच गरम करून ठेवला होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी झाली. शिट्टीबाईंनी स्वतः बादल्या ओतल्या. मोजून नाही, मन भरेपर्यंत. मग आत शिरल्या, कोरड्या रुमालाने सगळ्या शिवणी टिपल्या आणि रुमाल बाहेर धरला. कोरडा ठाक.

मी कुंपणापलीकडे होते. टाळ्या वाजवल्या, तर बाईंनी माझ्याकडे बघून शिट्टी वाजवली.

मोहीम पुढच्या शनिवारी. चौघंही जाणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रिकामे हात वाईट. मुलाच्या स्कूटरचं जुनं कव्हर पडलं होतं, पुढच्या खोलीचे पडदे मी तसेही बदलणार होते. एक तंबू बेतला. एका माणसापुरता. सहज, आपलं शिवून बघायला. शिवणींना डिंक लावलाय आणि वर दोन भोकं ठेवली आहेत. न शिवता. येता-जाता नजर जाते तिकडे, हात शिवशिवतात, पण ठेवली आहेत.

मुलगा म्हणाला, "आई, स्कूटर भिजेल."

मी म्हटलं, "तिला रात्री जाग येत नाही."

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी गेली. सॅक तिची तिने भरली. मी लांब उभी राहिले. एकदाच विचारलं, "टॉर्च घेतलास?" ती म्हणाली, "एक." मी गप्प. त्याचं कौतुक मात्र कोणी केलं नाही.

जाताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आजी, आज झोप हं." मी म्हटलं, वेडी कुठली, हे मी तुला म्हणायचं.

फोन सूनबाईच्या ताब्यात दिलाय. म्हणजे तिने काढून घेतला.

तिन्हीसांज झाली. मुंगीचा पलंग माझ्या पलंगाशेजारीच. आज त्या खोलीत काही करमत नाही, माझं मशीनसुद्धा परक्यासारखं दिसतंय. शिवाय शिवलेला माल वापरून बघितल्याशिवाय त्याचं काही खरं नसतं. तंबू अंगणात लावलाय. चटई नेते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आली! दुपारी आली. चिखलाने माखलेली, नाक उन्हाने सोललेलं, आणि बोलायची थांबेना. चष्म्याने एका फाट्यावर चुकवलं आणि मग त्यानेच सुधारलं. लंबू तंबूत मावेना, पाय बाहेर ठेवून झोपला. रात्री गाणारीला घरची आठवण आली, ती रडायला लागली. मग मुंगीने माऊथ ऑर्गन काढला आणि तिचं ते अर्धं गाणं वाजवत बसली. गाणारी म्हणाली, रडते पण हे थांबव. आणि दोघी हसत हसत झोपल्या. पाऊस आला होता, पण यांना कळला सकाळी, बाहेरचं गवत बघून. आत थेंब नाही.

"आणि तू?" मी विचारलं. "तुला नाही आठवण आली?"

"आली ना," ती म्हणाली. "झोपायच्या आधी. काखेत डिंक नीट लागलाय का, ते बघताना."

मग तिचं लक्ष अंगणात गेलं. पडद्याच्या फुलांचा तंबू, त्यावर स्कूटरच्या आरशांचे दोन फुगवटे. "आजी! हे काय? तू यात झोपलीस?"

"झोपले? झोपू देतील तर ना!" माझा राग उफाळून आला. "नुकती आडवी झाले, तर तुझी आई आली. पांघरूण आहे का? मी म्हटलं आहे. जरा डोळा लागतो तोच तुझा बाप. उशी हवी का? मी म्हटलं, घरच्यांनी मदत करायची नाही, माहीत नाही का? मग परत तुझी आई, झोप लागली का म्हणून. आणि पहाटे दोघं मिळून आले, मगाशी झोपमोड तर नाही ना केली हे विचारायला! चार वेळा! अगं, चांगली मजेत होते मी, पावसाचा आवाज ऐकत. पण असं सारखं कोणी विचारायला लागलं तर नको तिथे भीती वाटते की, आपल्याला काही होतंय की काय. शेवटी वैतागून आत येऊन निजले."

मुंगीने आईकडे बघितलं. आईने मुंगीकडे बघितलं. आणि दोघी अशा हसत सुटल्या की मुंगी खाली बसली, तिथेच, चिखलाच्या बुटांसकट. मुलगा तोंडावर पेपर धरून हलत होता. मी विचारतेय, यात हसण्यासारखं काय आहे, तर मुंगी डोळे पुसत माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजी, आज रात्री आपण दोघी झोपू तंबूत. कोणी येणार नाही. मी बाहेर पाटी लावते."

एका माणसापुरता आहे म्हटलं. तर म्हणाली, मावू.

बिल्ला पुढच्या महिन्यात मिळणार. आणि पुढच्या सुट्टीत ती मावशीकडे राहायला जाणार म्हणते. आपणहून. चांगले आठ दिवस. जाऊ दे की, मोठी झाली आता. मी काही तिला फोन करणार नाही.

मावशीला मात्र एकदा करायला हवा. तिच्या पलीकडच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, असं मला आठवतंय.